अभिप्रायाची वही

आमच्या वरवट बकालच्या माणसाला सातपुडा रोजच दिसतो. उत्तरेकडे तोंड केलं की तो आहेच. त्यामुळे डोंगर पाहायला पैसे मोडून जावं, ही कल्पना आमच्या घरात कुणाला पटणारी नव्हती. सुटी म्हणजे मामाचं गाव, नाहीतर शेगाव. मी शाळामास्तर. भूगोलाच्या तासाला मुलांकडून घोकून घ्यायचो: विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण कोणतं? चिखलदरा. उंची किती? अकराशे मीटरहून थोडी जास्त. मुलं बरोबर उत्तर द्यायची. मी स्वतः ते गाव पाहिलेलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात बायकोला घेऊन गेलो. तेल्हारा, अकोट, अंजनगाव, परतवाडा असं एसटी बदलत बदलत, आणि शेवटी घाट. हातात पैसे बेताचे होते, म्हणून स्टँडवर कुणीतरी सांगितलेल्या एका लहानशा लॉजवर उतरलो. लॉज हा शब्द पाटीपुरताच. कवेलूचं छप्पर, ओळीनं चार खोल्या, लोखंडी खाटा, मागे चुलीचं स्वयंपाकघर. चालवणारा माणूस कोरकू. उमेदीची वर्षं त्यानं एका डाकबंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली काढली होती. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्याची बायको ओघानंच मामी झाली.

माझ्या डोक्यात थंड हवेचं ठिकाण म्हणजे सिनेमातलं होतं. मामानं खोली उघडून दिली आणि म्हणाला, "मास्तर, पानी एक बादली हाये. दोघायले. सकाळी ऊन पानी मामी देईन." मी चकित झालो. आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी मचूळ, डाळ त्यात शिजत नाही. गोडं पाणी डोंगरात असतं, हीच आमची समजूत. आणि इथे डोंगरमाथ्यावर मोजून एक बादली! तोंडानं काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. रात्री वीज गेली. मामीनं कंदील आणून ठेवला आणि उष्टं बाहेर टाकू नका, अस्वल येतं, असं बजावून गेली. बायको रात्रभर खिडकीकडे पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी माझी विद्वत्ता काढली. गाविलगड वेलस्लीनं 1803 साली घेतला, हे ठिकाण 1823 साली कॅप्टन रॉबिन्सननं इंग्रजांच्या नजरेत आणलं, कॉफी इंग्रजांनी लावली, वगैरे. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी शेगावकडचे ना? मंग कोल्हे डॉक्टरले वळखत असान." मी नाही म्हणालो. त्याला खरंच नवल वाटलं. शेगावचा मुलगा डॉक्टर होऊन बैरागडसारख्या आडगावात येऊन राहतो, आणि शेगावजवळचा मास्तर त्याचं नावही जाणत नाही! डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या तालुक्यात सगळ्यांनाच ते आपले वाटू लागले. मला ते नाव त्याच्या कितीतरी आधी चिखलदऱ्याच्या एका चुलीजवळ कळलं होतं.

निघायच्या दिवशी मामानं एक वही पुढे केली. लांबट, हिशेबाची. पाहुण्यांनी दोन शब्द लिहायचे, ही डाकबंगल्यावरची रीत त्यानं इथे आणली होती. मी लिहायला पान उलटलं तर मामा म्हणाला, "आंधी वाचून दाखवा ना. पोरगा शिकाले परतवाड्याले असते. तो आला का वाचते."

मामाला वाचता येत नव्हतं. वही भरत होती आणि तो ती सांभाळत होता. अमरावती, अकोला, नागपूर, इंदूर, पाहुणे सगळीकडचे. मी वाचू लागलो. कुणी पिठल्याची स्तुती केलेली. कुणाला कुटकीचा भात पहिल्यांदाच खायला मिळाल्याचा आनंद. एकानं पंचबोल पॉइंटचा प्रतिध्वनी ऐकल्याचं पानभर वर्णन केलं होतं. आणि मग तक्रारी. घोंगडी ओलसर. टीव्ही नाही. दारात कुत्री. पाणी फार कमी, मालकाला पाहुण्यांची कदर नाही.

ती ओळ गाळून पुढे जावं असं माझ्या मनात आलं. मामा माझ्या तोंडाकडे पाहत होता. "वाचा," तो म्हणाला. मी वाचली. मामा जरा थांबून म्हणाला, "घोंगडीचं खरं हाये. पावसायात वाळतच नाही." पाण्याबद्दल तो काही बोलला नाही. मामी मागे भांडी घासत होती, राखेनं, आणि मग ओंजळभर पाण्यानं.

हे पाणी कुठून येतं, ते मी त्यानंतर समजून घेतलं. मेळघाटात पाऊस भरपूर. पण जमीन काळ्या पाषाणाची, उतार खडे. पडलेलं पाणी खोलवर मुरण्याआधीच खाली धावतं. जून ते सप्टेंबर धबधबे पाहायला गाड्यांची रांग लागते आणि एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावांना टँकर लागतो. टँकर विहिरीत ओततात आणि बाया ते पाणी दोरानं पुन्हा वर ओढतात. मामाच्या लॉजवर पाहुण्याला मिळणारी बादली मामीच्या डोक्यावरून आलेली असे. वेलस्लीची तारीख पाठ असलेल्या मास्तराला हे ठाऊक नव्हतं.

पुढे आम्ही जमेल तसं तिथे जात राहिलो. गेलो की जेवणानंतर वही माझ्यापुढे यायची. परतवाड्याचा मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला, तरी वाचनाचं काम मामानं माझ्याकडेच ठेवलं. मला आतून फार बरं वाटायचं, हे कबूल करतो. स्तुतीला तो मान हलवायचा. तक्रार आली की मात्र पुन्हा वाचायला लावायचा. एकदा कुणीतरी लिहिलं होतं की चहात धुराचा वास येतो. मामा पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या भांड्यावर झाकण आलं.

आम्हा मास्तरांची शेरेबुकाशी जुनी ओळख. साहेब तपासणीला येतात, शेरा लिहितात, आपण सही करतो आणि खुलासा जोडतो. माझी उमेदीची वर्षं असे खुलासे लिहिण्यात गेली. खुलासा न देता शेरा ऐकून घेता येतो, हे मी मामाकडे पाहिलं. वर्गात मुलांना विचारायला लागलो, माझं शिकवणं कुठे कळत नाही ते सांगा. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एका मुलीनं सांगितलं की सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता. खरंच होतं ते.

वडिलांची किडनी गेली तेव्हा आमच्या घरातलं बोलणंच थांबलं. संग्रामपूर-जळगाव जामोदकडे हा आजार घराघरात माहीत आहे. पूर्णेच्या काठच्या क्षारांच्या पाण्याशी त्याचा संबंध लावला जातो. वडील गेल्यावर काही महिन्यांनी बायको म्हणाली, मामाकडे जाऊन या. पावसाळा होता. धुकं खोलीत शिरून अंथरुणावर बसत होतं. मामानं काही विचारलं नाही. मामीनं माझे ओले कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवले. धुराचा वास गावी येईपर्यंत गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी आपणहून सांगितलं. मामा म्हणाला, "तुमच्याकडं पानी हाये, प्याले नाही. आमच्याकडं प्याले हाये, पन राह्यत नाही." डोंगर आणि सपाटी यांचा संबंध इतक्या थोडक्यात सांगणारं वाक्य मला कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडलं नाही. आमची वान नदी मेळघाटाच्याच डोंगरातून येते. वारीच्या हनुमान सागर धरणातलं तिचं गोडं पाणी आता 140 गावांच्या योजनेतून आमच्या दोन तालुक्यांत येतं. वडिलांना ते मिळालं नाही.

शेगावला पायी जाणारे भक्त आमच्या गावावरून जातात. आमच्या ओसरीवरही कुणी कुणी टेकतात. त्यांच्यासाठी फार काही करतो असं नाही. चहा, पाणी, पाय पसरायला सतरंजी. पण पाहुण्याला काय आहे आणि काय नाही ते आल्या आल्या सांगून टाकायचं, ही मामाची पद्धत. बायको ती माझ्यापेक्षा चांगली पाळते. मला अजूनही लाज वाटते आणि मी नसलेलं आहे म्हणून बसतो.

मामा आता नाही. लॉजच्या जागी मुलानं पक्क्या खोल्या बांधल्यात, गिझर आहे, पाण्याचा टँकर विकत घेतो. वही बंद झाली. अभिप्राय मोबाइलवर येतात, चांदण्या मोजल्या जातात. मुलगा वाचतो आणि कधी कधी रात्री उशिरापर्यंत उत्तरं टाइप करत बसतो. त्याचंही बरोबर असेल. धंदा त्यावरच चालतो. मामीला मात्र अजून कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. गेल्या खेपेला ते काम मी केलं. एकानं पाणी कमी असल्याबद्दल एकच चांदणी दिली होती. मामीनं विचारलं, एक म्हणजे चांगलं का? मी खरं ते सांगितलं.

मे महिन्यात मेळघाटात कुठेही उतरणार असाल तर निघण्याआधी फोन करून पाण्याचं विचारा आणि जेवायला किती जण आहात ते सांगा. लाकूड आणि पाणी दोन्ही आदल्या दिवशी आणावं लागतं. काही खटकलं तर घरी जाऊन मोबाइलवर लिहिण्याआधी, खोली सोडताना, ज्यानं चहा दिला त्याला तोंडावर सांगा. तो ऐकून घेईल.