लाल वर्तुळ

शाळा सुटल्यावर दहावीतला एक मुलगा सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत राहिला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. कोपऱ्यावर मोबाइल काढून म्हणाला, "सर, ये देखो. दज्जाल की फौज."

दोन मिनिटांची क्लिप होती. एका गोल चौथऱ्यावर ममी नाचताहेत, सांगाडे नाचताहेत, यंत्रमानव त्यांच्याभोवती गोल फिरताहेत. कुणीतरी त्या चित्रांवर लाल वर्तुळं आणि बाण काढले होते. मागून घोगरा आवाज सांगत होता, की ही फिरऔनची निशाणी, हा मौतचा इशारा आणि हे सगळं इल्युमिनाटीचं काम.

मी म्हटलं, "उद्या बोलू."

रात्री मूळ व्हिडिओ शोधून पूर्ण बघितला. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं 'अराउंड द वर्ल्ड' हे गाणं, १९९७ सालचं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, बाकी सगळी इलेक्ट्रॉनिक वाद्यं. संगीत ऐकावं की नाही यावर आपल्याकडे मतभेद आहेत, तो विषय आज नको. माझा प्रश्न वेगळा होता. यातल्या चिन्हांचा अर्थ काय?

खरं सांगतो, मीही लगेच अर्थ लावायला बसलो. भाषेच्या शिक्षकाची खोड. गझलेतला साकी दर वेळी दारूच वाढतो असं नाही, हे मुलांना शिकवण्यात वीस वर्षं गेली. म्हणून ममी म्हणजे गेलेल्या सलतनती, सांगाडे म्हणजे मृत्यू, यंत्रमानव म्हणजे येणारा काळ, आणि सगळे मिळून गोल फिरणारी ही फानी दुनिया! अर्थ इतका छान जमला की ब्लॉगसाठी दोन परिच्छेद लिहूनही काढले.

मग दिग्दर्शक मिशेल गोंद्री यांनी स्वतः काय सांगितलंय ते वाचलं आणि दोन्ही परिच्छेद पुसले. त्यांच्या कल्पनेत नाचणाऱ्यांचा प्रत्येक गट म्हणजे गाण्यातलं एक वाद्य किंवा आवाज आहे. यंत्रमानव म्हणजे यंत्रातून काढलेला गाण्याचा आवाज. ममी म्हणजे ड्रम मशीन. सांगाडे म्हणजे गिटार. जलतरणपटूंसारख्या दिसणाऱ्या मुली म्हणजे कीबोर्ड. लहान डोक्याचे उंच खेळाडू म्हणजे बेस गिटार. तिचे सूर चढतात तसे ते पायऱ्या चढतात, सूर उतरले की उतरतात. नृत्य बसवलं होतं ब्लांका ली या स्पॅनिश नृत्यदिग्दर्शिकेने. इअरफोन लावून पुन्हा बघितलं, तर सगळं समोरच होतं. मी चित्रं बघत होतो, ऐकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला इअरफोन दिले. "फक्त ममींकडे बघ आणि बेंचवर ठेका धर." दोन-तीनदा चुकला, मग बोटं बरोबर पडू लागली. चेहरा खुलला. "सर, ये तो ढोल है!"

पण पोरगं हुशार. म्हणाला, "फिर पिरॅमिड? ये लोग पिरॅमिड पे खडे होके बजाते."

खरंय, २००६ मध्ये कोचेला महोत्सवात त्यांनी पिरॅमिडच्या आकाराच्या मंचावरून कार्यक्रम केला होता. मी म्हटलं, "तो आकार त्यांनी का निवडला, ते मी छातीठोक सांगणार नाही. तूही सांगू नकोस. इल्युमिनाटी म्हणतोस ती संघटना १७७६ मध्ये बव्हेरियात निघाली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या राज्यकर्त्याने तिच्यावर बंदी घातली. त्रिकोण तर तुझ्या कंपासपेटीतल्या गुण्यालाही आहे."

तो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते लाल वर्तुळ माझ्या ओळखीचं होतं.

चार वर्षांपूर्वी ईद-ए-मिलादला मी घराच्या गॅलरीत हिरवा झेंडा लावला होता, चांद-तारा असलेला. अब्बा लावायचे, म्हणून मी लावतो. संध्याकाळी गावातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो आला. झेंड्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली प्रश्न : शिक्षकाच्या घरावर कोणत्या देशाचा झेंडा?

पाकिस्तानच्या झेंड्यात काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो. माझ्या झेंड्यात तो नव्हता. पण एवढं बघायला थांबतो कोण? दोन दिवस मी लोकांना पट्टा समजावत फिरलो. एक सहकारी आपुलकीनेच म्हणाले, "सर, काढून ठेवा ना, कशाला उगाच." धाकटीने विचारलं, "अब्बू, अपना झेंडा गलत है क्या?" त्या दिवशी तिला नीट उत्तर देता आलं नाही.

फोटो काढणाऱ्याने जिना चढून विचारलं असतं, तर चहा पाजून सांगितलं असतं.

आता ताळा करून बघा. तिथे कुणी न विचारता आमच्या चांद-ताऱ्याचा अर्थ लावला. इथे आम्ही न ऐकता परक्याच्या ममीचा अर्थ लावतो. डाफ्ट पंकचं आमच्या क्लिपने काही बिघडत नाही, त्यांच्यापर्यंत ती पोहोचतही नाही. बिघडतं आमच्या मुलांचं. एका लाल वर्तुळावर विश्वास ठेवायची सवय लागली, की दुसऱ्या लाल वर्तुळाला उलटून विचारायचं बळ कुठून आणायचं? सूरह हुजुरातमध्ये खबर आली तर आधी तहकीक करा असं सांगितलंय, आणि पुढे बदगुमानीपासून दूर राहायलाही. या आयती आपण दुसऱ्यांना फार ऐकवतो. लॉकडाऊनमध्ये अशीच एक क्लिप मीही 'अस्तगफिरुल्लाह' लिहून पुढे पाठवली होती. आधी माझाच हिशेब.

तो मुलगा जाताना म्हणाला, "सर, वो क्लिप मैं सत्रा लोगों को भेजा." मी म्हटलं, "मग सतरा जणांना इअरफोन दे."

दुसऱ्या दिवशी सांगत होता, पाच जणांनी ऐकलं, बाकीच्यांनी त्यालाच वेड्यात काढलं. पाच काही कमी नाहीत. आमच्या झेंड्याच्या वेळी तर जिना चढून एकच जण आला होता. समोरच्या घरातले काका. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि पुढच्या मिलादला झेंडा बांधताना शिडी त्यांनीच धरली.