पाण्याला घासून जाणारा उजेड

किरण आणि पृष्ठभाग यांच्यामधला कोन अगदी लहान असतो, किरण पृष्ठभागाला घासून पुढे निघतो, तेव्हा त्या कोनाला ग्रेझिंग अँगल म्हणतात. शाळेत शिकलेला आपतन कोन स्तंभिकेपासून, म्हणजे पृष्ठभागावर काटकोनात उभ्या केलेल्या रेषेपासून मोजतात. ग्रेझिंग अँगल थेट पृष्ठभागापासून. दोघांची बेरीज नेहमी ९०°. आपतन कोन ८५° म्हणा की ग्रेझिंग अँगल ५° म्हणा, किरण तोच. तरीही हे दुसरे माप लागते, कारण किरण आडवा होत गेला की जे काही घडायचे ते शेवटच्या थोड्या अंशांत घडते. ८९° आणि ८९.५° हे आकडे सारखेच वाटतात; १° आणि अर्धा अंश म्हटले की एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे हे लगेच उमगते.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम कडेला, उत्तनच्या शेजारी, पाली गावाचा किनारा अरबी समुद्राकडे तोंड करून आहे. या कोनाचे काम तिथे रोज संध्याकाळी उघड्यावर चालते. होडीच्या काठावरून सरळ खाली पाहिले, तर त्या दिशेने पडणाऱ्या उजेडातला जेमतेम २ टक्के पाणी परत पाठवते. बाकीचा आत शिरतो, म्हणून पाण्याचा स्वतःचा रंग, त्यातला गाळ, बुडालेला दोर दिसतो. ग्रेझिंग अँगल ३०° झाला की परत येणारा उजेड सुमारे ६ टक्के होतो, १०° ला ३५, ५° ला ५८, आणि १° ला जवळपास ९० टक्के. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात मांडलेल्या सूत्रांतून हे आकडे निघतात. पाणी बदललेले नसते. फक्त कोन उतरलेला असतो. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे असताना या अक्षांशावर सूर्य तासाला सुमारे १४° खाली येतो. १०° वरून क्षितिजाला टेकेपर्यंत पाऊण तासही लागत नाही, आणि तेवढ्यात पाण्याचा आरसा होतो.

अर्थात हे आकडे सपाट पाण्याचे. समुद्रावर लाटा असतात, आणि दूर पाहताना डोळ्याला त्यांची आपल्याकडे कललेली बाजूच जास्त दिसते. त्या बाजूवर कोन तितका लहान राहत नाही. म्हणून दूरच्या पाण्यात क्षितिजालगतचे फिके आकाश न उमटता बरेच वरचे, गडद आकाश उमटते, आणि समुद्र व आकाश यांच्यामधली रेघ स्पष्ट उठून दिसते. मावळतीच्या सूर्यापासून किनाऱ्यापर्यंत येणारा झगमगता पट्टाही लाटांच्या याच उतारांनी घडवलेला. सूर्य जितका खाली, तितका पट्टा लांब आणि अरुंद. कॉक्स आणि मंक या दोन संशोधकांनी अशा चकाकीची विमानातून छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून लाटांचे उतार मोजले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेले ते काम समुद्रविज्ञानात आजही आधाराला घेतात.

कोन लहान झाला की उजेड पसरतोही. १०° वर असलेल्या सूर्याचे ऊन जमिनीवर जवळजवळ सहापट जागेत विखुरते. किनाऱ्यावर वाळत पसरलेल्या जवळ्याला ते नुसते चाटून जाते. त्याच वेळी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडणीवर, उभ्या टांगलेल्या बोंबलांवर मात्र ते जवळपास समोरून पडते. सूर्य एकच, पण आडव्या मासळीची संध्याकाळ लवकर होते. वाळवणाचे मुख्य काम वारा करतो हे खरे, तरी हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

तिसरी गोष्ट खडबडीतपणाची, आणि ती सर्वांत नवलाची. एरवी निस्तेज दिसणारा कागद डोळ्याच्या पातळीला आडवा धरून खिडकीकडे पाहिले की त्यावर चकाकी येते. पृष्ठभागावरचे उंचवटे किरणांना किती अडवतात हे नुसत्या उंचीवर नव्हे, तर उंची गुणिले ग्रेझिंग अँगलची साइन यावर ठरते. कोन शून्याकडे गेला की ओबडधोबड पृष्ठभागही किरणाच्या लेखी गुळगुळीत होतो.

क्ष-किरणांच्या दुर्बिणी या लहान कोनावरच उभ्या आहेत. क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर ते आत शिरतात आणि तिथेच शोषले जातात. पण त्यांच्यासाठी धातूचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे कोन पुरेसा लहान ठेवला की ते पूर्ण परावर्तित होतात. भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्टन यांनी हे १९२३ मध्ये दाखवले, आणि व्होल्टर यांनी १९५२ मध्ये त्यावरून प्रतिमा घडवणाऱ्या आरशांचा आराखडा दिला; तोच पुढे दुर्बिणींत आला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिच्यात सोन्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची सुमारे ४० कवचे एकात एक बसवली आहेत. किरण कवचांच्या आतल्या बाजूला दोनदा घासून २ मीटर अंतरावर एकत्र येतात, आणि प्रत्येक वेळी ग्रेझिंग अँगल असतो साधारण अर्धा ते एक अंश. इतक्या आडव्या आरशाची समोरून दिसणारी जागा अगदी अरुंद. म्हणूनच एवढी कवचे लागली. १९९९ मध्ये अवकाशात गेलेल्या चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेत जाड काचेच्या आरशांच्या चारच जोड्या आहेत. तिथली प्रतिमा कितीतरी रेखीव, पण आरसे फार जड. छोट्या उपग्रहासाठी मुंबईने निवडलेली वाट योग्यच होती.

कोरीव लेखांचे अभ्यासकही हा कोन वापरतात, त्याचे नाव न घेता. झिजलेल्या शिलालेखावर समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो. दिवा जवळजवळ दगडाच्या पातळीत आणून एका बाजूने धरला, की खोलगट रेषांच्या कडांची लांब सावली पडते आणि अक्षर वर येते. पालीहून फार दूर नसलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत शतकानुशतके झिजलेले लेख आहेत. तशा लेखांसाठी ही रीत फार मोलाची.

संज्ञा वापरताना जपायचे ते एवढेच, की कोन कुठून मोजला ते आधी सांगावे. स्फटिकावरून क्ष-किरण कसे परततात ते सांगणाऱ्या ब्रॅग यांच्या १९१३ च्या नियमातला कोन स्फटिकाच्या पातळीपासून मोजलेला असतो, म्हणून तिथे साइन येते. आपतन कोनाच्या सवयीने तो स्तंभिकेपासून धरला की सगळे उत्तर चुकते. रडारवाले समुद्राच्या पृष्ठभागाशी होणारा कोन आणि अँटेनापाशी मोजलेला अवनत कोन वेगळे ठेवतात. पृथ्वी गोल असल्याने दूर अंतरावर ते जुळत नाहीत. किती लहान कोन झाला की त्याला ग्रेझिंग म्हणावे, याची ठरलेली सीमा नाही. पाण्यावरच्या उजेडासाठी १०° पुरतात, क्ष-किरणांना एक अंशही कधी जास्त होतो; ती सीमा तरंगलांबी आणि समोरचा पदार्थ ठरवतात.