पायी चालणाऱ्यांचा ठराव

आपल्या मराठीत वाट धरली जाते, वाट दाखवली जाते आणि वाट पाहिलीही जाते. चालणे आणि थांबणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दापाशी आणणाऱ्या आपल्या पूर्वजांना, रस्त्याच्या कडेला ताटकळणाऱ्या पादचाऱ्याचे भवितव्य आधीच दिसले होते की काय, असा विचार परभणीच्या भर चौकात उभे असताना माझ्या मनात नेहमी येतो. शाळेची मुले, बाजाराला आलेल्या खेडुत बाया, एस.टी. स्थानकाकडे निघालेली म्हातारी माणसे अशी सारी मंडळी तिथे वाहनांच्या ओघात एखादी फट सापडते का, याची वाट पाहत असतात.

या शहराला पायी चालणाऱ्याचे अगत्य नाही, असे मात्र म्हणवत नाही. दरवर्षी आषाढी एकादशीपूर्वी शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी परभणीतून पुढे गंगाखेड, परळी करीत पंढरपूरकडे जाते. गंगाखेड हे तर संत जनाबाईंचे जन्मगाव. पालखी येण्याच्या सुमारास रस्ते झाडले जातात, खड्ड्यांत मुरूम पडतो, वाहने वळवली जातात, कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याची सोय होते. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसालाही शहर असेच कामाला लागते. याचा अर्थ उघड आहे. चालणाऱ्याला जागा करून देणे आपल्याला जमते. फक्त त्या दिवशी साऱ्या गावाची नजर रस्त्यावर असावी लागते. उरलेल्या दिवसांत ती नजर कुठे असते, एवढाच प्रश्न मला आपणापुढे ठेवायचा आहे.

पायी चालणारे किंवा सायकलवर जाणारे आता उरले आहेत किती, असे कुणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्यांना ते कसे जातात, हे विचारले गेले होते. देशातील सुमारे साडेचार कोटी माणसे पायी, तर अडीच कोटींहून अधिक सायकलने कामावर जात होती. शाळकरी मुलांची गणना यात नाही. दुसरीकडे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील जवळजवळ ३३ हजार पादचारी होते. ज्यांच्याकडून कुणाला इजा होण्याचा संभव सर्वांत कमी, त्यांच्या वाट्याला हे मरण यावे, ही गोष्ट मन अस्वस्थ करणारी आहे.

माझ्या सेमिनरीच्या काळात पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. नगर रस्त्यावरून आम्ही ब्रदर मंडळी सायकलवर निर्धास्त जात असू. पुढे त्या शहरात काय बदल झाले, हे वाचकांनी पाहिलेच आहे. २०१७ साली तिथल्या महापालिकेने सायकल आराखडा संमत केला. त्याआधी नागरिकांच्या बैठका झाल्या, सूचना मागवल्या गेल्या. २००६ पासून वॉर्डातील लहानसहान कामे नागरिकांनी सुचवावीत आणि त्यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, अशीही रीत तिथे सुरू झाली. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस केवळ पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्यात येऊ लागला. आराखडा संमत होणे आणि मुलाने सायकलवरून सुखरूप घरी परतणे यांत मोठे अंतर असते, हे खरे. पण ते अंतर मोजायला हाती काही कागद तरी असतो.

आपल्याकडे हा कागद कुठे मिळतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. शहराची विकास योजना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होते. रस्ता किती रुंद, क्रीडांगण कुठे, बाजार कुठे, हे त्या नकाशावर ठरते. प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत कुणाही नागरिकाला हरकत वा सूचना लेखी देता येते. ती ऐकण्यासाठी नियोजन समिती बसते. तिच्यात लोकप्रतिनिधींबरोबर बाहेरचे जाणकारही असतात. आता अशा सुनावणीला येतात कोण? ज्याची जमीन आरक्षणात गेली तो येतो, आणि ज्याला आरक्षण उठवायचे आहे तोही येतो. दोघांच्याही हातात सातबारा असतो. ज्या मुलीला त्या रस्त्यावरून रोज शाळेत जायचे आहे तिच्या नावावर कोणताच सातबारा नसतो. म्हणून तिच्या वतीने कुणी येत नाही, आणि वहीत तिच्याविषयी एक ओळही लिहिली जात नाही.

परभणीच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. येथील नगरपरिषदेची महापालिका झाली १ नोव्हेंबर २०११ रोजी. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये संपली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यभरातील निवडणुका लांबत गेल्या. या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रशासक वाईट असतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. एखादा अधिकारी दहा सभासदांइतके काम करून जातो. परंतु प्रस्ताव मांडणारा तोच, त्यावर विचार करणारा तोच आणि संमती देणाराही तोच, अशी व्यवस्था झाली की 'हे असे का?' असे विचारणारा आवाज सभागृहात उरत नाही. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी परभणीसह २९ महापालिकांसाठी मतदान झाले. सभागृहातील खुर्च्या भरल्या. पण प्रेक्षक गॅलरीतल्या खुर्च्या भरायला निवडणूक लागत नाही, हे आपण विसरतो.

आता आमच्या धर्मग्रामातील एका खेड्याची हकिकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना अजून त्याच कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आहेत. गावापासून माध्यमिक शाळा चार किलोमीटरवर. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या आणि सकाळच्या वेळी दहा-बारा मुलींची रांग रस्त्याने जाऊ लागली. पुढे रस्त्याचे काम निघाले. डांबराचा थर उंच झाला. कडेची जागा मात्र हातभर खोल राहिली आणि तिच्यात वेडी बाभूळ माजली. उसाचा ट्रॅक्टर मागून आला की मुलींनी उतरायचे कुठे? एके दिवशी आमच्या धर्मग्रामातील नववीची एक मुलगी सायकलसह खाली गेली. हात मोडला. तो महिन्या-दीड महिन्यात बराही झाला; पण तिच्या वडिलांनी शाळा बंद करण्याचे ठरवले. पाहता पाहता आणखी दोन घरांनी तोच निर्णय घेतला. एका मुलीचे लग्नही ठरण्याच्या बेतात होते. रस्ता गावाच्या भल्यासाठी झाला होता, आणि त्याच रस्त्याने तीन मुलींचे शिक्षण अडवले होते.

मी त्या घरी गेलो तेव्हा मुलीची आजी ओसरीवर तूर पाखडत बसली होती. मी धीराचे काही शब्द बोलणार, तोच ती म्हणाली, "फादर, गाडीला डांबर हाय अन् आमच्या लेकरांना बाभळीचे काटे. हे कुनी ठरवलं, तेवढं इचारून सांगा." या प्रश्नाला प्रवचनात उत्तर नव्हते. ते कागदात शोधावे लागले. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. २००५ च्या त्या कायद्याने नुसती कागदाची प्रतच मिळते असे नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या सामग्रीचा नमुना घेण्याचाही अधिकार नागरिकाला आहे. आमच्या युवक मंडळातील दोघांनी अर्ज केला. अंदाजपत्रकाची प्रत आली. त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाची भर टाकण्याचे काम स्पष्ट लिहिलेले होते!

मग आला ग्रामसभेचा दिवस. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी बसलो म्हणून ठराव थांबत नाहीत. ते आपल्यावाचून होतात, इतकेच. त्या वेळी तसे झाले नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. त्या सभेला आजी गेली, तिच्याबरोबर शेजारच्या वस्तीतील, मशिदीमागच्या गल्लीतील आणि विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळातील बायाही गेल्या. मुली तर सगळ्यांच्याच होत्या. अंदाजपत्रकाचा तो परिच्छेद बचत गटाच्या एका ताईने मोठ्याने वाचला. कुणी घोषणा दिली नाही, कुणाला शिवी दिली नाही. कडेची भर झाली आहे काय, झाली नसल्यास केव्हा होणार, एवढे दोनच प्रश्न लिहून घेण्यात आले आणि ठराव संबंधित खात्याकडे गेला. तीन वेळा स्मरणपत्र पाठवावे लागले. पावसाळ्यापूर्वी गावाकडच्या दीड किलोमीटरवर मुरूम पडला व बाभळी निघाल्या. उरलेले अडीच किलोमीटर अद्याप तसेच आहे. आजीची नात व दुसरी एक मुलगी शाळेत परतल्या. तिसरी परतली नाही. या हकिकतीला मी यश म्हणत नाही आणि अपयशही म्हणवत नाही.

छाननी हा शब्द आपल्याला थोडा रुक्ष वाटतो. पीठ चाळणारी गृहिणी पिठाची वैरीण नसते. भाकरीत खडा येऊ नये, एवढीच तिची इच्छा असते. सार्वजनिक कामाची छाननीही अशीच असावी. ती आपल्यापासून सुरू झाली तर तिला बळ येते. नाताळचा मंडप, गणेशोत्सवाचा मंडप किंवा उरुसाची कमान उभी राहते ती सर्वांच्याच रस्त्यावर. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर सर्वांच्याच ध्वनिक्षेपकाला लागू आहेत. म्हणून आमच्याकडे नाताळची मिरवणूक ठरवताना मार्ग कोणता, रुग्णालयासमोर वाद्ये थांबणार कुठे, रुग्णवाहिकेला वाट कशी राहील, हे धर्मग्राम समितीत आधी विचारले जाते. जो स्वतःला प्रश्न विचारू देतो, त्याचा प्रश्न इतरांना टोचत नाही.

पवित्र शास्त्रात नहेम्याची कथा आहे. यरुशलेमेचा पडलेला तट बांधण्यापूर्वी त्याने सभा बोलावली नाही. आधी तो रात्री निवडक माणसांसह पाहणीला निघाला. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे सरकायलाही जागा उरली नव्हती. स्वतः वाट तुडवून पाहिल्यावरच तो अधिकाऱ्यांशी बोलला. त्यानंतरच्या अध्यायात कुणी कोणता भाग बांधला, याची लांबलचक यादी येते. वाचताना आपण ती बहुधा ओलांडतो. पण तिच्यात एक गोष्ट वारंवार येते: अनेकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त केला. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या विश्वपत्रात, जे काम लहान समूहाला करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, असे तत्त्व मांडले. त्याची दुसरी बाजू अशी, की लहान समूहाने आपले काम टाकूनही देऊ नये.

आता नवे सभासद निवडून आले आहेत. त्यांतील काही आपल्या परिचयाचे आहेत, काहींच्या विजयाचे पेढेही आपण खाल्ले असतील. त्यांना हार घालून झाला असेल, तर पुढच्या भेटीला एक वही घेऊन जावे. शाळेपर्यंतचा रस्ता आधी आपल्या मुलाबरोबर पायी चालावा. पदपथ कुठे संपतो, गटारावरचे झाकण कुठे नाही, सायकलला उतरावे कुठे लागते, ते लिहावे. राज्य शासनाच्या २०१८ च्या आदेशाने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय केली आहे. तिथे जाऊन त्या रस्त्याचा कागद मागावा. मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते, प्रश्न मात्र दर महिन्याला विचारता येतो. सबंध तट कुणा एकट्याच्या हातून बांधून होत नाही. आपल्या घरासमोरचा तेवढा भाग मात्र आपलाच आहे, आणि त्याविषयी आपणच विचारले पाहिजे.