जॉनीची तबकडी आणि माझा शेरा

इंदूरच्या आमच्या घरात भजनं आणि नाट्यगीतं. त्यात १९७९ साली धाकट्या भावानं अमेरिकेहून जॉनी 'गिटार' वॉटसनची तबकडी आणली, 'अ रिअल मदर फॉर या', १९७७ ची. मुखपृष्ठावर हा बाप्या छोट्याशा गाडीत बसलेला आणि ढकलतेय त्याची खरीखुरी आई! नाव म्हणजे अर्धी शिवीच. वडिलांना अर्थ सांगितला नाही, हे बरं.

ह्यूस्टनचा हा गडी मूळचा ब्लूज वाजवणारा. १९५४ मध्येच 'स्पेस गिटार'नं त्यानं तारांतून भलतेच आवाज काढून दाखवले होते. आता फंकच्या ठेक्यावर महागाईचं रडगाणं हसत हसत गात होता. तबकडी चांगली खपली, पण ब्लूजचे काही सोवळे रसिक म्हणाले, गेला हा बाजारात. मीही तेच म्हणालो. बँकेत नुकताच अधिकारी झालेलो, शेरे मारायची सवय!

"हे काय गाणं आहे? नुसता चावटपणा."

भाऊ म्हणाला, "दादा, पगार पुरत नाही हे रडूनच सांगायचं का?"

पुन्हा त्यानं ती माझ्यासमोर लावली नाही.

पुढे १९९४ च्या 'बाव वाव'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. १९९६ मध्ये जपानात, योकोहामाला, जॉनी स्टेजवरच कोसळला आणि गेला. भावालाही जाऊन आता सहा वर्षं झाली. परवा नातू मोबाइलवर ते गाणं लावून देऊन क्लासला गेला. मधेच गिटार असा काही टोमणा मारते की मी मोठ्यानं हसलो. सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.