निरंक

भीमाशंकरच्या अलीकडे एका गावात माझे काका राहतात. जुलैत तिथे नुसता पाऊस आणि धुकं, मोबाइलला रेंज नाही. मी शनिवारी गेलो तेव्हा कोडमधला माझा एक बदल सोमवारी ग्राहकांकडे जाणार होता.

काम स्टोरेज ड्रायव्हरचं. एनव्हीएमई एसएसडीवरून काही वाचायचं असेल तर ड्रायव्हर 64 बाइट्सची एक कमांड भरतो. छापील अर्जासारखीच: काय करायचं, कुठल्या ब्लॉकपासून, किती, मेमरीत कुठे ठेवायचं. ही जागा दर वेळी नवी नसते, आधीच्या कमांडचीच पुन्हा वापरतात. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर ती आधी पूर्ण शून्य करून घ्यायचा. सेकंदाला लाखो कमांड जायला लागल्यावर हे पुसणंही जड झालं. 2021च्या ऑक्टोबरमध्ये येन्स अ‍ॅक्सबो यांनी ते काम सामाईक फंक्शनमधून काढून प्रत्येक प्रकारच्या कमांडच्या फंक्शनवर सोपवलं. नेहमीच्या वाचन-लेखनात तर पुसणंच बंद केलं. त्याऐवजी एकेक रकाना भरला, आणि जो लागत नाही त्यात शून्य लिहिलं.

आमच्या कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये मी तेच केलं. वेग वाढला, टेस्ट पास झाल्या, दोघांनी रिव्ह्यूत होकारही दिला.

काका निवृत्त तलाठी. रात्री ते माझ्या चुलतबहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होते. लागू नसलेल्या प्रत्येक रकान्यात ‘निरंक’ लिहीत होते.

‘‘काका, रिकामं सोडलं तर चालत नाही का?’’

‘‘अरे, कोरं सोडलं म्हणजे तू ‘नाही’ म्हणालास असं होत नाही. तू काहीच म्हणाला नाहीस. मग तिथे दुसरं कुणी काहीही लिहितं.’’

मी लॅपटॉप उघडला आणि 64 बाइट्स रकान्यागणिक तपासले. मेटाडेटाचा पत्ता मी भरलाच नव्हता. टेस्टच्या ड्राइव्हवर मेटाडेटा नव्हता, त्यामुळे त्या तिकडे बघतच नव्हत्या. काही ग्राहकांच्या ड्राइव्हवर होता. आमच्या कोडमधल्या एका वाटेने गेल्यास, वाचताना ड्राइव्हने जुन्या कमांडमधल्या पत्त्यावर लिहिलं असतं. ती मेमरी तोवर भलत्याच कुणाकडे गेलेली. एरर नाही, क्रॅश नाही. कुणाचा तरी डेटा गुपचूप बदलला असता.

रात्रभर नीट झोप लागली नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. डिंभे धरण मागे पडल्यावर रेंज आली, तेव्हा टीमला मेसेज केला: सोमवारचं थांबवा.

बदल मागे घेतला नाही, कारण वाढलेला वेग खरा होता. फक्त एक ओळ जोडली. पूर्वी एकजण सगळ्यांसाठी पुसत होता, म्हणून कुणालाच काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं. तो खर्च वाचवायचा तर ‘इथे काही नाही’ हे प्रत्येकाने स्वतः लिहायला हवं. मी ते गृहीत धरलं होतं.