आमचा मिक्सर आणि खोडदचे कान

घरात रेडिओवर बातम्या चालू आहेत आणि तेवढ्यात कुणी चटणीसाठी मिक्सर लावला, तर काय होतं? आमच्या ओतूरच्या घरी हा रोजचाच प्रसंग! रेडिओतून खर्रर्र असा आवाज येतो आणि ओसरीवरून सासरे ओरडतात, "अगं, थांबव जरा ते! बातम्या कळेनात!"

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मिक्सर आत, रेडिओ बाहेर. मग त्यांचं भांडण कसलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला आम्ही फार लांब गेलो नाही. आपल्याच जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गेलो. दिवस होता २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि गावोगावच्या शाळा येतात. सकाळी डबे घेऊन निघालो. ओतूरहून आळेफाटा, तिथून नारायणगाव आणि मग खोडद. द्राक्षांच्या बागा, टोमॅटोचे मळे मागे पडत होते. एकदम मुलं ओरडली, "बाई, ती बघा केवढी छत्री!"

शेतांच्या मधोमध उलट्या छत्र्यांसारख्या प्रचंड तबकड्या उभ्या होत्या. हीच ती जीएमआरटी, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! त्यांतल्या १४ खोडदजवळ एकत्र आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या पसरल्या आहेत. हा सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली.

"पण ही तर नुसती जाळी आहे! भोकांतून लहरी निसटत नाहीत?" एका मुलाने विचारलं. माहिती देणारे काका हसले. म्हणाले, "या लहरी लांब असतात. हायड्रोजन वायूकडून येणारी लहर २१ सेंटिमीटरची असते. जाळीची भोकं त्यापेक्षा कितीतरी लहान. म्हणून लहरीला ही जाळी भिंतीसारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो!"

मग मी आमच्या मिक्सरचं भांडण त्यांच्यापुढे मांडलं. काका म्हणाले, "मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे छोटे ब्रश फिरत्या भागाला टेकलेले असतात. तिथे बारीक ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी निघतात. मार्कोनीचे सुरुवातीचे प्रक्षेपकही ठिणगीवरच चालत होते. म्हणजे चटणी वाटताना तुमच्या घरात एक लहानसं रेडिओ केंद्रच सुरू होतं!"

"मग ते इथे ऐकू येतं?"

"ओतूरचं नाही, मध्ये डोंगर आहेत. पण जवळपास विजेच्या खांबावर ठिणग्या उडत असतील किंवा टीव्हीचा बूस्टर बिघडला असेल, तर त्रास होतो. आकाशातून येणारी हाक फार फार क्षीण असते. चंद्रावर एक मोबाइल चालू ठेवला, तर तोसुद्धा इथून आकाशातल्या ठळक रेडिओ-स्रोतांपैकी एक वाटेल!"

आमचे मोबाइल दारातच का बंद करायला लावले, ते आता कळलं. ही जागा निवडण्याचं एक कारणही तेच होतं. इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता आणि भोवतीचे डोंगर बाहेरचा गोंगाट अडवतात. २०२३ साली जाहीर झालं, की याच दुर्बिणीने ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर टिपली. तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा जन्मली नव्हती!

परतीच्या वाटेवर एक मुलगा कुरकुरला, "बाबा म्हणतात, या दुर्बिणीमुळे आपली रेल्वे लांबली." ते खोटं नाही. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग आधी याच भागातून आखला होता. दुर्बिणीला बाधा येऊ नये म्हणून रेल्वेने तो बदलायचं ठरवलं. आपल्या लोकांना रेल्वे हवी आहे आणि ती मागणी रास्तच आहे. पण रेल्वेला दुसरी वाट काढता येते. उभारलेली दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मुलं यावर नारायणगाव येईपर्यंत वाद घालत होती. मी मुद्दामच मध्ये पडले नाही.

शेवटी एक गंमत सांगते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल जान्स्की हा इंजिनिअर टेलिफोनमधली खरखर कुठून येते, ते शोधत होता. बरीचशी खरखर विजांच्या वादळांची निघाली. पण एक बारीक सुसकारा रोज २३ तास ५६ मिनिटांनी परत येई. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती एक फेरी घेते, तेवढाच हा वेळ. तो सुसकारा आपल्या आकाशगंगेकडून येत होता! रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीतूनच झाला.

तुम्हीही घरी शोध घ्या. सेलवर चालणारा रेडिओ मीडियम वेव्हवर लावा आणि खरखर ऐका. मोठ्यांच्या मदतीने एकेक दिवा, पंखा, चार्जर बंद करून पाहा. कशामुळे ती थांबते? रेडिओ जरा फिरवून, लांब नेऊन बघा. चोर सापडला, तर वायरमनला दाखवून दुरुस्त करून घ्या. वायरला मात्र स्वतः हात लावू नका!

आमच्या घरी आता बातम्या संपल्यावरच मिक्सर लागतो. सासरे खूश आहेत, बरं का!