शिंगांचं काय करायचं?

आमच्या घरात झाकायचं म्हणून काही शिल्लक राहिलेलं नव्हतं. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, पाण्याच्या माठावर मण्यांच्या कडेचा रुमाल, चौरंगावर रुमाल, खुर्च्यांच्या पाठीला तेलकट डोकी टेकतात म्हणून तिथे लांबट रुमाल. पुढे टीव्ही आला, तर तो सुरू होण्याआधी त्याचं माप घेतलं गेलं. हा सगळा कारभार आत्याचा. कोल्हापुरात आमच्या गल्लीत एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की तिची आई कार्यालय ठरवायची आणि तिथून थेट आत्याकडे यायची. रुखवत मांडायचं तर क्रोशाचं तोरण आणि ताटांवरचे रुमाल पाहिजेतच, आणि तेही व्याह्यांच्या बायका उलटे करून मागची बाजू बघतील या तयारीनं केलेले.

रुखवतात प्राणीही असत. मोत्यांचे राजहंस, शिंपल्यांची कासवं आणि पांढऱ्या लोकरीचे गोंडे जोडून केलेला एक कुत्रा, गळ्यात लाल रिबीन बांधलेला. लग्नानंतर तो कुत्रा सासरच्या शोकेसमध्ये जायचा, बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीसकट. त्याला हात लावायची पोरांना बंदी. खेळण्याच्या रूपात जन्माला येऊन आयुष्यभर कुणीही न खेळलेला असा तो प्राणी. मला आजही वाटतं, आपल्या घरांतून त्याच्यावर फार अन्याय झाला.

उलटं उदाहरण जर्मनीतलं आहे. गींगेन गावातल्या मार्गारेट श्टाइफ लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असत आणि शिवणकाम करत. 1880 साली त्यांनी फेल्टचा एक छोटा हत्ती केला, तो टाचण्या खोचून ठेवायची गादी म्हणून. पोरांनी त्या टाचण्या काढल्या आणि हत्ती पळवला. पुढे त्यातूनच त्यांचा कापडी प्राण्यांचा कारखाना झाला, 1902 मध्ये त्यांच्या भाच्यानं हातपाय हलणारं अस्वल आखलं आणि ‘टेडी’ नावाचं जग सुरू झालं. खेळणं कशाला म्हणायचं हे पोरं ठरवतात. फक्त वस्तू त्यांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर ठेवावी लागते.

आत्यानं मला शिकवलं ते मात्र रुमालापुरतं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. गोल रुमालाचा तिचा नियम एकच होता: ‘‘सपाट बसला पाहिजे.’’ मुक्या खांबाचं काम असेल तर सहा टाक्यांनी सुरुवात, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच वाढवायचे. कमी वाढवले की कडा वर येतात आणि रुमालाची वाटी होते. जास्त वाढवले की कडेला लाटा उठून झालर होते. वाटी झाली की आत्या काही न बोलता दोरा ओढायची आणि आपण अर्धा तास बसून केलेलं काम सुर्रकन उसवून जायचं. क्रोशाचा हा मोठा गुण, किंवा दुर्गुण. शेवटचा एक टाका सोडला की सगळं पुन्हा गुंडीवर जातं.

ही सपाट, वाटी आणि झालर म्हणजे तीन वेगळ्या भूमिती आहेत हे मला फार उशिरा कळलं. शाळेतली भूमिती सपाट रुमालाची. पृथ्वीच्या गोलाची भूमिती वाटीची. आणि झालरीची जी, तिला गणितज्ञ अपास्तीय (हायपरबोलिक) म्हणतात. ती हातात धरता येईल अशी करून दाखवणं त्यांना जमत नव्हतं. कागदाची करून बघत, ती फाटायची. 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या लाटवियातून आलेल्या प्राध्यापक बाईंनी ती क्रोशानं विणून वर्गात नेली. दर ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत राहायचं, बस्स. आमच्या आत्यानं ती कितीतरी वेळा उसवून टाकली होती.

नोकरी आणि संसाराचा काळ विशेष सांगण्यासारखा नाही. पुण्यात आले, सुई शिवणाच्या डब्यात गेली. नात झाली तेव्हा सुई बाहेर निघाली, आणि तोवर क्रोशाचं जग बदललेलं होतं. रुमाल कुणालाच नको होते. झाकायला रेडिओही उरला नव्हता आणि टीव्ही भिंतीवर चढून कागदासारखा चपटा झाला होता. सगळीकडे जपानी पद्धतीचे छोटे प्राणी. अमिगुरुमी म्हणतात त्यांना. मोठं डोकं, बसकं अंग, इवलेसे हातपाय. मी पहिला ससा विणायला घेतला आणि लक्षात आलं की इथे सगळी गंमत वाटी होण्यातच आहे. सहा, बारा, अठरा असं छत्तीसपर्यंत जायचं, मग काही फेऱ्या न वाढवता सरळ विणायच्या, मग दोनाचा एक करत परत सहावर यायचं. मधे पोटात फायबर भरायचं. झालं डोकं. जो दोष म्हणून आत्या उसवायची, त्यातूनच इथे गाल येतात.

फरक आणखी एक. रुमालाला टाका मोकळा हवा, जाळी दिसली पाहिजे. खेळण्याला तो घट्ट हवा, नाहीतर आतलं पांढरं फायबर फटीतून डोकावतं. लोकरीच्या लेबलवर सुचवलेल्या नंबरापेक्षा बारीक सुई घ्यावी लागते आणि संध्याकाळी अंगठा ठणकतो. लोकर म्हणायची ती सवय. बहुतेक गुंड्या ॲक्रिलिकच्याच असतात. आमच्या लहानपणी बाहुलीत चिंध्या नाहीतर शेवरीचा कापूस भरत, तो धुतला की गोळे होऊन बाहुलीला आजारी करायचा. त्या मानानं हे फायबर बरं. पुन्हा फुगतं.

इतरांचे नमुने बघून विणणं वर्षभरात कंटाळवाणं झालं. सगळे प्राणी परदेशी. कोल्हा तोही बर्फातला, लामा, स्लॉथ, एकशिंगी घोडा. आमची नात तर दिवाळीत कोल्हापूरला जाऊन आलेली. पाडव्याला तिथे म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, त्यांना मोरपिसं बांधतात, गळ्यात घुंगरांचे पट्टे, आणि मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटवत पुढे गेला की म्हैस त्या आवाजामागे जिवाच्या आकांतानं धावते. हे बघितलेल्या मुलीला ससा काय देणार? ‘‘आजी, म्हैस कर,’’ म्हणाली. मी आत्याला फोन केला. ती नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येतं. ‘‘कशाची?’’ असं तिनं परत परत विचारलं आणि शेवटी म्हणाली, ‘‘म्हशीचं खेळणं कोण करतंय गं? बैल कर, पोळ्याला तरी चालंल.’’

म्हशीचा नमुना कुठेच तयार मिळेना, म्हणजे आखणं आलं. प्राणी आखायचा तर आधी त्यातलं काय सोडायचं हे ठरवावं लागतं. हत्तीची सोंड आणि कान ठेवले तर पायाला नखं नसली तरी चालतं. सशाला कान पुरतात. म्हशीला काय पुरेल? नुसतं काळं अंग केलं तर अस्वल होतं. शेपूट लावली तर काळी गाय. शेवटी म्हैस शिंगांतच आहे, आणि कोल्हापूर-सोलापूरकडची पंढरपुरी म्हैस तर फारच. तिची शिंगं तलवारीसारखी लांब, मागे वळून खांद्याच्याही पुढे जाणारी. कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळ दूध देतात, तिथे पेला हातात घेऊन मी म्हशी बघत उभी राहिले, तर दूधवाले मामा म्हणाले, ‘‘वैनी, घ्यायची हाय का?’’

शिंगाला बाक आणायचा तर नुसती नळी विणून भागत नाही, ती सरळ जाते. आत तार घातली की बाक येतो, पण लहान मुलाच्या खेळण्यात तार म्हणजे डोळा गमवायची सोय. मग उपाय टाक्यातच शोधायचा. फेरीच्या अर्ध्या भागात मुके खांब घालायचे, उरलेल्या अर्ध्यात अर्धे खांब. अर्धा खांब उंचीला जास्त, त्यामुळे ती बाजू लांब होते आणि नळी आपोआप बुटक्या बाजूकडे वाकते. बाक छान आला. पण शिंगं एवढी लांब की स्वतःच्या वजनानं लोंबायला लागली आणि म्हैस सशासारखी दिसू लागली. यावर पंढरपुरी जातीनंच उत्तर देऊन ठेवलं होतं. तिची शिंगं मागे पाठीकडेच जातात. ती मानेला लागून पाठीवर दोन ठिकाणी टाचून घेतली, की लोंबत नाहीत आणि पोरांना उचलायला कडी मिळते.

डोळ्यांचं वेगळंच. प्राणी गोंडस का वाटतो याचा विचार ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी 1943 मध्ये मांडला होता. कपाळ मोठं, डोळे चेहऱ्याच्या मध्याखाली, गाल भरलेले; म्हणजे तान्ह्या बाळाची मापं. ती कुठेही दिसली की माणूस विरघळतो. हे सगळे खेळणीवाले वापरतात. मी डोळे दोन फेऱ्या खाली घेतले तर रेडकू झालं, दोन वर घेतले तर दुपारी धार काढू न देणारी म्हातारी म्हैस. मला मधली पाहिजे होती. शिवाय काळ्या लोकरीवर काळा डोळा दिसतच नाही, त्यामागे पांढऱ्या फेल्टची चकती लावावी लागते. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी असेल तर मागून चकती दाबून बसवायचे प्लास्टिकचे डोळेसुद्धा नकोत. दोऱ्यानं भरलेले डोळे बरे. ते निघून घशात जात नाहीत.

मग ओळखीतल्यांनी म्हशी मागितल्या, म्हणून हस्तकलेच्या एका प्रदर्शनात टेबल घेतलं. तिथे मला जे कळलं ते विणकामाचं नव्हतं. एका म्हशीला माझे दोन-अडीच दिवस जातात, शिंगांनाच अर्धा. किंमत सांगितली की समोरचा माणूस म्हणतो, ‘‘बाहेर मशीनची दीडशेला मिळतात.’’ मिळतात, ती प्लशच्या कापडाची. क्रोशाची मिळत नाहीत, कारण क्रोशाचं मशीनच नाही. सुयांवरच्या विणीचं यंत्र विल्यम ली या इंग्रजानं 1589 मध्ये केलं. क्रोशाचं खरं यंत्र अजून बाजारात नाही. क्रोशा म्हणून गिरणीतून जे कापड निघतं ते वेगळ्या विणीचं, दिसायला तसं. तेव्हा जगात कुठेही, कितीही स्वस्तात, क्रोशाची टोपी किंवा ससा दिसला तर तो कुणीतरी सुईनं टाका टाका घालून केलेला असतो. शंभर रुपयांचा असेल तर त्या हातात किती पडले असतील याचा हिशोब करून बघावा.

तो हिशोब एका बाईंनी पूर्वीच केला आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ. 1960 च्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवत होत्या. पुढे त्यांनी आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूरला क्रोशाची लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, त्यावरचं पुस्तक 1982 मध्ये आलं. मिशनऱ्यांनी तिथे हे काम एकोणिसाव्या शतकात आणलं, माल परदेशी जायचा, व्यापारी पुरुष श्रीमंत झाले, आणि दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या बाया कामगार म्हणून मोजल्याच गेल्या नाहीत. त्या ‘घरीच असतात, फावल्या वेळात विणतात’ एवढंच. ते वाचताना मला सतत आत्या दिसत होती. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लग्नांची तोरणं तिची; तिला त्याचं कुणी काही दिलं असेल तर ब्लाउजपीस आणि नारळ. ‘‘तुझ्या हाताला काय खेळच तो’’, असं वर म्हणत.

सरकारदरबारी खेळण्याला बरीच प्रतिष्ठा आली आहे. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ती नोंद करायला घरी विणणाऱ्या बाईला आधी स्वतःला कारागीर म्हणवून घ्यावं लागतं, आणि तिथेच आमचं अडतं. मी क्रोशाचा वर्ग घेते, तिथे येणाऱ्या बायका अप्रतिम विणतात. किंमत विचारली की मात्र एकमेकींकडे बघत लोकरीचे पैसे तेवढे सांगतात. मी त्यांना पहिल्या दिवशी सुईऐवजी घड्याळ समोर ठेवायला लावते. काहींना ते आवडत नाही. एक जण म्हणाली, ‘‘तास मोजायला लागले की मजा जाते.’’ माझं मत उलट आहे. मजा माझी, तास गिऱ्हाइकाचे.

आत्याला मी म्हैस नेऊन दिली. तिनं ती उलटी केली, पोटाखालची शिवण बघितली, शिंगं ओढून पाहिली आणि किंमत विचारली. मी सांगितली. ‘‘कमी लावलीस,’’ म्हणाली.

तेव्हापासून किंमत वाढवली आहे. कुणाला पाहिजे असेल तर दिवाळीच्या निदान दोन महिने आधी सांगावं, कारण काळ्या लोकरीचे टाके दिव्याच्या उजेडात दिसत नाहीत आणि ते काम फक्त दिवसाच होतं. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर तेही सांगा. डोळे भरून देईन. आणि कृपा करून शोकेसमध्ये ठेवू नका.